जुनं मनगटी घड्याळ वाचायचं कसं

बाबांचं एचएमटी जनता त्यांच्या कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली, रुमालात गुंडाळलेलं सापडलं. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. चावी दिली तर सेकंदकाटा थोडा पुढे सरकला आणि थांबला. काचेवर इतके ओरखडे होते की आकडे धुक्यातून दिसावेत तसे दिसत होते. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि ज्या लेथवर त्यांनी वीसेक वर्षं काढली तोही एचएमटीचाच. हिंदुस्तान मशीन टूल्स ही मुळात लेथसारखी यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. घड्याळं तिनं १९६१ पासून बंगलोरला बनवायला घेतली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. हाताखाली आणि मनगटावर एकच नाव, याचं बाबांना फार अप्रूप होतं.

मी ते घड्याळ जांभळी नाक्याजवळच्या एका घड्याळजींकडे नेलं. जिन्याखालची जागा, एक टेबल, एक दिवा, सुट्या भागांच्या डब्या. काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, आधी तुम्ही बघून घ्या. मग सांगतो काय झालंय ते." ते पाहिलं आणि मी त्यात गुंतलेच. गेली सहा वर्षं जुनी घड्याळं बघते आहे, थोडी जमवते आहे. तुमच्या घरात असं एखादं बंद घड्याळ असेल, किंवा कुठे पाहून घ्यावंसं वाटत असेल, तर मला कळलं तेवढं सांगते.

झाकणाच्या आत

चावी देताना आपण पोलादाची एक लांब, पातळ पट्टी गुंडाळत असतो. ही मेनस्प्रिंग. जुने कारागीर तिला कमान म्हणतात. ती एका चपट्या गोल डबीत बसलेली असते आणि तिला उलगडायची घाई असते. तिला मोकळं सोडलं तर सगळी चाकं भर्रकन फिरतील आणि दिवसभराची ताकद क्षणात संपेल. घड्याळाचं सगळं कौशल्य तिला अडवण्यात आहे. तिची ताकद थेंबाथेंबानं, अगदी सारख्या मापानं सोडायची.

डबीपासून एकातून एक अशी चार चाकं फिरत जातात. शेवटचं चाक एस्केप व्हील. त्याला वाकड्या नखांसारखे दात असतात, बहुतेक घड्याळांत पंधरा. त्या दातांमध्ये जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक इवलासा तुकडा अडकलेला असतो, त्याला पॅलेट म्हणतात. पॅलेट एक दात सोडतं आणि लगेच पुढचा अडवतं. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक म्हणजे हे अडवणं.

पण कधी सोडायचं हे पॅलेटला कोण सांगतं? बॅलन्सचं चाक. करंगळीच्या नखाएवढं, मध्ये केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असलेलं. ही गुंडाळी म्हणजे हेअरस्प्रिंग. ती चाकाला एकीकडून दुसरीकडे आणि परत अशी झुलवत ठेवते. झोपाळ्यासारखंच आहे हे: मोठा झोका असो की लहान, एका झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच. प्रत्येक झोक्याला चाक पॅलेटला टिचकी मारून एक दात मोकळा करतं आणि त्याच क्षणी पॅलेट चाकाला हलकासा धक्का परत देतं, म्हणून झोका थांबत नाही. एक हिशेब ठेवतो, दुसरा जोर पुरवतो. मी भिंगातून पाहिलं ते हेच. काकांनी चिमट्याच्या टोकानं चाकाला हळूच हात लावला, ते चारपाच वेळा झुललं आणि थांबलं.

आता आकडे बघा. बाबांच्या जनतामधलं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. (घड्याळजी आतल्या यंत्राला 'मशीन'च म्हणतात, मीही तेच म्हणते.) दिवसाला ४,३२,००० ठोके, वर्षाला पावणेसोळा कोटींच्या आसपास. आणि असं घड्याळ दिवसाला २० सेकंद चुकलं तरी ती चूक ८६,४०० सेकंदांत २० ची, म्हणजे ४,३२० भागांत एका भागाची. बाबांच्या भाषेत सांगायचं तर ४३ मिलीमीटर जाडीच्या दांड्यात एक शतांश मिलीमीटरचा फरक. लेथ तरी जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलेला असतो. घड्याळ हे माप घामेजल्या मनगटावर, लोकलच्या दांडीला लटकलेल्या हातावर सांभाळतं.

तबकडीवरचे शब्द

जनताच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं घड्याळात सतरा हिरे आहेत. ज्वेल म्हणजे माणकाचे बारीक खडे, तेही कारखान्यात बनवलेले. फ्रान्सच्या ऑगस्ट व्हर्नॉय यांनी ज्योतीत पावडर वितळवून कृत्रिम माणिक करण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि तेव्हापासून हे खडे स्वस्त झाले. विकायला गेलात तर त्यांचे काही पैसे येणार नाहीत. पण काम मोलाचं. पोलादाचा आस पितळेच्या भोकात फिरत राहिला तर भोक झिजून लांबट होतं. माणिक झिजत नाही आणि तेलाचा थेंब धरून ठेवतं. बॅलन्सला चार, त्याच्या टिचकीच्या दांडीला एक, पॅलेटच्या दोन टोकांना दोन, त्याच्या आसाला दोन आणि चार चाकांना प्रत्येकी दोन: झाले सतरा. चावीच्या साध्या घड्याळाला एवढे पुरतात. त्याहून जास्त आकडा दिसला तर तो ऑटोमॅटिकच्या, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाच्या, जास्तीच्या चाकांमुळे असेल, किंवा नुसता जाहिरातीसाठी.

दुसरा शब्द 'पॅराशॉक'. बॅलन्सच्या आसाचं टोक मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड असतं. घड्याळ हातातून पडलं की मोडतं ते हेच. म्हणून त्या टोकाचा खडा एका नाजूक स्प्रिंगखाली बसवतात. धक्का बसला की खडा जरा सरकतो आणि परत जागेवर येतो. सिटिझनच्या या व्यवस्थेचं नाव पॅराशॉक, तेच एचएमटीनं घेतलं. स्विस घड्याळांत याच कामासाठी 'इन्काब्लॉक' दिसेल. ते १९३० च्या दशकात आलं.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर मात्र जुन्या घड्याळात अजिबात विसंबू नका. आतलं रबर कधीच कडक होऊन तडकलेलं असतं.

झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलेलं असतं, तेही नीट वाचा. त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं. पुढची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, बहुतेक वेळा पितळेची, वर क्रोमचा मुलामा दिलेली असते. पट्टा अडकवायच्या टोकांशी पिवळसर धातू उघडा पडलेला दिसतो तो यामुळेच.

बाबांच्या घड्याळात मोडलेलं काही नव्हतं. तेल सुकून डिंकासारखं झालं होतं आणि कमान थकली होती. काकांनी मशीन पूर्ण सोडवलं, धुतलं, नवी कमान घातली, प्रत्येक खड्यावर सुईच्या टोकाएवढं तेल ठेवलं. आठ दिवसांनी घ्यायला गेले तेव्हा ते कानाला लावून ऐकवलं त्यांनी. बाबांच्या उशाशी रात्री ऐकू यायचा तोच आवाज.

ही घड्याळं 'जुनी' कधी झाली

२५ डिसेंबर १९६९ रोजी सायको कंपनीनं टोकियोत 'ॲस्ट्रॉन' विकायला आणलं, जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. त्यात कमान नाही, पॅलेट नाही. सेल आहे आणि विजेनं थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक आहे. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनला दोननं चौदा वेळा गुणलं की हाच आकडा येतो, म्हणून सर्किट त्याला निम्म्यानिम्म्यानं कमी करत बरोबर सेकंदाला एका ठोक्यावर आणतं. पाच ठोक्यांच्या यंत्राचा याच्यापुढे अचूकपणात निभाव लागणं शक्यच नव्हतं. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९०,००० लोक काम करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तीस हजारांच्या थोडे वर उरले. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टायटन क्वार्ट्झ घेऊन आलं आणि लग्नाच्या आहेरातलं एचएमटी हळूहळू मागे पडलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला.

मला स्वतःला क्वार्ट्झचा राग नाही. फक्त बाबांचं घड्याळ पन्नास वर्षांनी उघडून, धुऊन, परत चालू करता आलं. स्वस्त क्वार्ट्झचं सर्किट गेलं की बहुतेक वेळा ते फेकूनच द्यावं लागतं.

निळी तबकडी

आता माझी चूक सांगते, कारण सगळ्यात जास्त मी तिच्यातूनच शिकले. जनता चालू झालं आणि मला वाटलं आपल्याला कळायला लागलं. एका विक्रेत्याकडे एक स्विस घड्याळ दिसलं. गडद निळी तबकडी, नारिंगी सेकंदकाटा, १९६० च्या दशकातलं, 'अगदी नव्यासारखं'. साडेचार हजार रुपये दिले आणि आनंदानं काकांकडे घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, मशीन चांगलं आहे. बाकी सगळं इकडचं तिकडचं आहे."

जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनं मशीन, दुसऱ्याच घड्याळाची घासून चकचकीत केलेली केस, नव्यानं रंगवलेली तबकडी आणि वर नामांकित स्विस किंवा जपानी नाव. इथल्या गल्ल्यांत तयार होऊन ती साऱ्या जगात विकली जातात. आपल्या शेजारच्या शहराचं नाव या अर्थानं वापरलं जातं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण यामागची गोष्ट समजून घ्यायला हवी. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, सुटे भाग मिळायचे नाहीत. पावसाळी दमट हवेत तबकडीवर डाग पडायचे. घड्याळ ही घरातली एक मोठी खरेदी असायची, ती टाकून कोण देणार? मग कारागीर तबकडी खरवडून परत रंगवायचे, नाव परत छापायचे. काकांनी स्वतः तरुणपणी शेकडो तबकड्या रंगवून घेतल्या आहेत. "गिऱ्हाईकच सांगायचं, नव्यासारखं करून द्या. त्यात फसवणूक कुठली?" असं ते म्हणतात आणि मला ते पटतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकली जाते.

ओळखायचं कसं? माझं निळं घड्याळ टेबलावर ठेवून काकांनी एक तासभर मला शिकवलं, त्यातलं लक्षात आहे ते असं.

आधी अक्षरं बघायची, भिंगाखाली. कारखान्यातली छपाई कोरलेल्या पत्र्यावरून मऊ गादीनं उचलून तबकडीवर उमटवलेली असते. कडा धारदार, शाई किंचित उठून आलेली, सगळीकडे सारख्या जाडीची. माझ्या घड्याळावरच्या नावाचं एक अक्षर पोटात फुगलं होतं आणि दुसऱ्याची शेपटी पसरली होती. मग मिनिटांच्या रेघा. बाराची रेघ बाराच्या खुणेच्या बरोबर मध्यावर यायला हवी, तीनची तीनच्या. माझ्याकडे आठपासून पुढे सगळं जरासं सरकलेलं. सहाच्या खाली, अगदी कडेला, 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते गायब असेल, अर्धं कापलं गेलं असेल किंवा फारच मोठं असेल तर थांबायचं. तबकडीच्या कडेला एखादी लहानशी खाच दिसली तर ती रंगवताना तबकडी नेमकी धरण्यासाठी पाडलेली असू शकते.

रंगाचा मुद्दा वेगळा. कंपन्यांचे जुने कॅटलॉग आणि मासिकांतल्या जाहिराती आज सहज पाहायला मिळतात. त्या काळात त्या कंपनीनं तसा रंग काढलाच नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. एचएमटीच्या बाबतीतही हे करा. भडक तबकड्या आणि लष्करी चिन्हं छापलेली कितीतरी एचएमटी बाजारात आहेत, ती बरीचशी नंतर रंगवलेली. एचएमटीचं लष्करासाठीचं 'जवान' खरंच होतं, काळ्या तबकडीचं 'पायलट'ही, आणि म्हणूनच त्यांच्या नकला जास्त.

मग झाकण उघडायचं. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या दोन भोकांत बसतात. दुसऱ्याच मशीनवर तबकडी बसवायची असेल तर ते पाय कापतात आणि तबकडी चिकटवतात. माझी चिकटवलेली होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर विनाकारण घाबराल: मशीनवर दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणजे घड्याळ खोटंच असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये ए. शिल्ड, एफएचएफ, ईटीए असे कारखाने मशीन बनवायचे आणि कितीतरी ब्रँड ती विकत घेऊन आपल्या केसमध्ये बसवायचे. विचारायचं एवढंच, की या ब्रँडनं या घड्याळात कुठलं मशीन वापरलं होतं.

शेवटी सगळ्याचं वय एकमेकांना जुळतं का. काटे डागाळलेले, केस झिजलेली आणि मधली तबकडी कालची, असं होत नाही. एखाद्या घरात सगळी माणसं सत्तरीची आणि मधोमध एक पोर बसलंय, तर आपण विचारतोच ना, हे कोण? तसंच विचारायचं.

सायको ५ आपल्याकडे खूप दिसतं आणि त्यात रंगवलेली भरपूर. पण सायकोनं वाचणाऱ्याची सोय करून ठेवली आहे. झाकणावर दोन आकडे असतात. एकाचे पहिले चार अंक म्हणजे मशीनचा क्रमांक, उदाहरणार्थ ७००९. तोच क्रमांक तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, भिंगातूनच वाचता येईल इतक्या बारीक अक्षरांत असतो. दोन्ही जुळायला हवेत. दुसरा आकडा अनुक्रमांक. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी अक्षरं. ८२ नं सुरू होत असेल तर फेब्रुवारी १९७८ किंवा १९८८. दशक मशीनच्या क्रमांकावरून ठरवायचं. ही जुळवाजुळव मला शब्दकोड्याइतकी आवडते.

डागांची किंमत

नवख्या माणसाला पटत नाही ती गोष्ट हीच: डागाळलेली मूळ तबकडी चकचकीत रंगवलेल्या तबकडीपेक्षा महाग का? मशीन हजारो घड्याळांत सारखंच असतं. कमान, काच, पट्टा, चावी बदलता येते, आणि चालतं ठेवायचं तर बदलावी लागतेच. तबकडी मात्र एकदा खरवडली की गेली. त्या काळच्या छपाईची, त्या काळच्या रंगाची, इतक्या वर्षांच्या उजेडाची खूण तिच्यावरच असते. काळ्या तबकड्या उन्हानं तपकिरी होतात, पांढऱ्या सायीच्या रंगावर येतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्यात त्यांच्या नावाचं वजन होतंच. पण त्याच काळातली इतर डेटोना घड्याळं बघितली तरी किमतीतला मोठा फरक तबकडीच्या नक्षीवरूनच पडतो.

त्याच कारणानं केसला पॉलिश करून घेऊ नका. प्रत्येक पॉलिशला धातू जातो, कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. काच मात्र बिनधास्त घासा. जुन्या घड्याळांची काच बहुतेक ॲक्रिलिकची असते, मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन घासली की बारीक ओरखडे जातात. बाबांच्या काचेचे मात्र फार खोल होते, ती बदलावी लागली.

एक धोका मी ठळकपणे सांगेन. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या खुणांत रेडियम वापरायचे. त्या आता चमकत नाहीत, कारण सोबतचं चमकणारं रसायन मरून गेलं आहे. पण रेडियमची किरणं निम्मी व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात, ती चालूच आहेत. घड्याळ बंद काचेत ठीक आहे. ते घरी उघडायचं नाही, त्या पिवळट-तपकिरी खुणा खरवडायच्या नाहीत, त्यांची धूळ श्वासात जाता कामा नये. १९६० च्या दशकापासून त्याच्या जागी ट्रिटियम आलं, तबकडीच्या तळाशी 'टी' अक्षर असतं ते त्याचं. ट्रिटियम साडेबारा वर्षांच्या आतच निम्मं होतं, त्यामुळे पन्नास वर्षांच्या घड्याळात ते सोळाव्या हिश्शाच्या आसपास उरलेलं असतं. त्याची तेवढी भीती नाही.

घेताना आणि वापरताना

सुरुवात आपल्या माणसांच्या कपाटांतून करावी. काकांचं, मामांचं, आजोबांचं घड्याळ कुणीतरी जपून ठेवलेलं असतं आणि त्याची हकीकत सांगणारं माणूसही अजून असतं. माझ्या आत्याकडे आजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं 'सोवार' आहे. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. मुंबईत फेव्हर-ल्युबा आणि वेस्ट एंड ही नावं एकोणिसाव्या शतकापासूनची. आजोबा ठाण्याहून रोज मुंबईला नोकरीला जायचे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईत 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत वापरात होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आत्या सांगते, आजोबा घड्याळ रेल्वेच्या वेळेवर ठेवायचे आणि मुंबईची वेळ मनात मोजायचे. ते घड्याळ मला विकत घेता येणार नाही, पण दर दिवाळीला भिंग घेऊन जाते आणि बघून येते.

बाजारातून घेणार असाल तर मशीनचा फोटो मागा किंवा समोर झाकण उघडायला सांगा. उघडायला नकार देणाऱ्याकडून मी आता घेत नाही. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जाऊन खूप बघावं, हातात घ्यावं, पहिल्या चार फेऱ्यांत काही घेऊ नये. चालू घड्याळ तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली असं धरून ऐका. एका बाजूला आवाज मंदावला किंवा थांबला तर बॅलन्सचा आस झिजलेला असण्याची शक्यता मोठी. आणि घड्याळाच्या किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च पहिल्यापासून धरा. एचएमटीचं चावीचं घड्याळ नवख्याला सगळ्यात सोयीचं आहे असं माझं मत. मशीन दणकट, भाग मिळतात, आणि ते उघडून दुरुस्त करणारी माणसं ठाण्यात अजून आहेत.

जुनी घड्याळं आजच्यापेक्षा लहान असतात, पुरुषांचीही ३४-३५ मिलीमीटर. माझ्या मनगटाला ती नेमकी बसतात.

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्यायची, घड्याळ हातातून काढून. हातात असताना दिली तर चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो. हाताला घट्टपणा जाणवला की थांबायचं. तारीख असलेलं घड्याळ रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हातानं पुढे करू नका, तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, दात मोडतो. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागलं तर चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, पर्सचं बटण, फोनचं चुंबकी कव्हर यांच्या जवळ राहिलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि झोके आखूड होतात. घड्याळजी ते दोन मिनिटांत उतरवतात.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर मी जुनं घड्याळ घालून घराबाहेर पडत नाही. खाडीच्या हवेत नुसतं कपाटात ठेवलं तरी चावीच्या दांडीवर गंज धरतो, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी आणि आठवड्यातून एकदा चावी. काचेच्या आत वाफ दिसली तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, त्याच दिवशी घड्याळजींकडे जायचं.

काकांनी मला एक सवय लावली. प्रत्येक घड्याळाच्या डबीत एक चिठ्ठी, त्यात काय मूळचं आणि काय बदललेलं, तारखेसकट. निळं घड्याळ मी ठेवलं आहे, मशीन खरंच छान चालतं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'तबकडी नंतर रंगवलेली, काटे दुसरे, केस दुसरी, मशीन खरं.' माझ्यानंतर ते कुणाच्या हातात गेलं तरी त्याला भिंग लावून शोधत बसावं लागणार नाही. बाबांच्या जनताची चिठ्ठी लहान आहे. काच नवी, कमान नवी, पट्टा नवा. बाकी सगळं बाबांचं.